आधी रक्त, मग औषध

ज्याच्या केळीच्या बागेला ठिबक आहे, त्याला बुळबुळीची ओळख करून द्यावी लागत नाही. लॅटरलच्या टोकाची घडी सोडून पंप चालू केला, की आधी गढूळ पाणी येते आणि मागोमाग काळपट-तपकिरी लोंबत्या बाहेर पडतात. बोटांत धरल्या तर सटकतात, खाली पडल्या तर मातीला चिकटून बसतात. आपण त्याला सरसकट शेवाळ म्हणतो. पण नळीच्या आत ऊन पोचत नाही, त्यामुळे तिथले अस्तर बहुतांशी जिवाणूंचे असते. पाण्याबरोबर आलेले जिवाणू नळीच्या भिंतीला धरून बसतात, स्वतःभोवती डिंकासारखा पदार्थ सोडतात आणि त्याच्या आड वस्ती वाढवतात. क्लोरीनचे पाणी सोडून लगेच वाहून जाऊ दिले तर वरचा थर तेवढा निघतो आणि थोड्याच दिवसांत ड्रिपर पुन्हा बंद पडतात. जाणता शेतकरी म्हणून ते पाणी नळीत भरून थांबवून ठेवतो आणि मग टोके उघडून फ्लश करतो.

मध्य प्रदेशात बुऱ्हाणपूर जिल्ह्यातल्या जसोंडीत बसून हे वाचणाऱ्याला, किंवा राज्याच्या शिवेपलीकडे रावेरला राहणाऱ्याला, हृदयाच्या झडपेचा संसर्ग समजावून सांगायचा तर मला याहून जवळचे उदाहरण सापडत नाही. जिवाणूंची चिकटून राहण्याची रीत दोन्हीकडे एकच आहे. फरक इतकाच, की ठिबकची नळी बदलता येते. हृदयाची झडप बदलायची तर छाती उघडावी लागते.

हृदयाला चार झडपा आहेत. दिवसाला साधारण एक लाख वेळा त्या उघडतात आणि मिटतात. रक्त पुढे जाऊ द्यायचे, मागे येऊ द्यायचे नाही, एवढेच त्यांचे काम. निरोगी झडप पातळ आणि गुळगुळीत असते. आपल्या रक्तात अधूनमधून जिवाणू शिरतातच. दात घासताना हिरडीतून रक्त आले, सुपारी चावताना दाढेखाली टोचले, पायाला गळू झाले, एवढेही त्यांना पुरते. गुळगुळीत झडपेवर त्यांना पाय ठेवायला जागा मिळत नाही आणि शरीराचे पहारेकरी काही मिनिटांत त्यांचा निकाल लावतात.

झडप आधीच खराब असेल तर चित्र पालटते. आकसलेल्या किंवा गळक्या झडपेतून रक्त पिचकारीसारखे जोरात जाते. चिरलेल्या पाइपातून उडालेली धार ज्या जागी आपटते तिथली माती खरवडते, तशी ही धार हृदयाचे आतले नाजूक अस्तर खरवडते. त्या खरचटलेल्या जागी रक्तकणिका आणि तंतू जमून छोटीशी खपली धरते. आता जिवाणूंना पाय रोवायला जागा मिळाली. ते खपलीत शिरतात, वर आणखी खपली चढते, त्यात आणखी जिवाणू. असा एक लोंबता, ठिसूळ गोळा तयार होतो. डॉक्टर त्याला व्हेजिटेशन म्हणतात. तो झडपेबरोबर सतत हलत असतो आणि त्याचा तुकडा कधीही सुटू शकतो. तुकडा मेंदूत गेला तर लकवा, पायाच्या धमनीत अडकला तर पाय गार आणि निळा, मूत्रपिंडात गेला तर लघवीतून रक्त.

आपल्याकडे झडपा खराब होण्याचे जुने आणि मोठे कारण म्हणजे लहानपणी झालेला संधिवाताचा ताप. पाच ते पंधरा वर्षांच्या मुलाचा घसा स्ट्रेप्टोकॉकस जातीच्या जिवाणूंनी धरतो. दोन-तीन आठवड्यांनी ताप येतो, आज गुडघा तर उद्या घोटा असे सांधे सुजतात. सांधे बरे होतात, घरचे विसरतात. पण घशातल्या त्या जिवाणूंशी लढायला शरीराने जे सैन्य उभे केले, ते चुकून हृदयाच्या झडपांवरही तुटून पडलेले असते. दहा-पंधरा वर्षांनी तीच मुलगी लग्न होऊन सासरी येते, गरोदरपणात तिला दम लागू लागतो, आणि कोणीतरी पहिल्यांदा तिच्या छातीला स्टेथोस्कोप लावून सांगते, व्हॉल्व्ह खराब आहे. जन्मजात छिद्र असणारी मुले, एकदा झडप बदललेली माणसे, पेसमेकर बसवलेले आणि डायलिसिसवर असलेले रुग्ण यांनाही हा धोका आहे.

युरोप-अमेरिकेत हा आजार आता बहुतेक साठीपुढच्यांचा झाला आहे. आपल्याकडे तो तरण्याताठ्यांना होत आला. चंडीगढच्या पीजीआय रुग्णालयातील डॉक्टरांनी 1981 ते 1991 या काळातल्या आपल्या रुग्णांचा हिशेब मांडला तेव्हा त्यांचे सरासरी वय 25 निघाले. सर्वांत मोठा गट संधिवाताच्या तापाने झडप बिघडलेल्यांचा होता. याच अभ्यासातली आणखी एक गोष्ट मनात घर करून राहते. निम्म्याहून जास्त रुग्णांच्या रक्तात जिवाणू सापडलेच नाहीत. आजार होता, जिवाणूही होते, पण तपासणीत पकडले गेले नाहीत. का, ते पुढे येईलच. या प्रकरणाचा सगळा जीव त्या एका 'का'मध्ये आहे.

आधी एक जुनी हकीकत. गुस्ताव माहलर हा ऑस्ट्रियाचा थोर संगीतकार 1911 च्या सुरुवातीला न्यूयॉर्कमध्ये होता. त्याच्या झडपेत दोष असल्याचे चार वर्षांपूर्वीच कळले होते. त्या फेब्रुवारीत अंगात ताप असतानाच त्याने कार्नेगी हॉलमध्ये आपला शेवटचा कार्यक्रम केला. ताप हटेना, तेव्हा इमॅन्युएल लिबमन या नामांकित डॉक्टरांना बोलावले. त्यांनी आपल्या तरुण सहाय्यकाला, जॉर्ज बेहर यांना, माहलरच्या दंडातून रक्त घ्यायला सांगितले. ते जिवाणू वाढवायच्या पोषक द्रव्यात मिसळून ठेवले आणि काही दिवसांत त्यात स्ट्रेप्टोकॉकसच्या वसाहती उगवल्या. निदान पक्के झाले. उपचार मात्र जगात कुठेच नव्हता. 18 मे 1911 रोजी व्हिएन्नात माहलर गेला. वय 50.

वीस वर्षांनंतरही स्थिती तशीच होती. आल्फ्रेड राइनहार्ट हा हार्वर्डचा वैद्यकीय विद्यार्थी. तेराव्या वर्षी त्याला संधिवाताचा ताप येऊन गेला होता. एके रात्री कोट उतरवताना त्याला मनगटापाशी बारीक लाल ठिपके दिसले. त्याने डॉक्टरांना दाखवले नाहीत, पुस्तक उघडले नाही. ठिपके पाहताच त्याला कळले आणि आपण सहा महिन्यांत मरणार, असे त्याने जवळच्यांना सांगून टाकले. मग अखेरपर्यंत तो आपल्याच आजाराची नोंद लिहीत राहिला. 1931 साली तो गेला. त्याची ती वही पुढे वैद्यकाच्या नियतकालिकात छापली गेली. ती टिपणे शांतपणे वाचवत नाहीत. कारण त्याला वाचवणारी गोष्ट तोवर सापडलेली होती. लंडनमध्ये अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी 1928 मध्येच पेनिसिलिन पाहिले होते, पण ते बाटलीत भरून रुग्णापर्यंत पोचायला आणखी बारा-पंधरा वर्षे लागायची होती.

पोचले तेव्हाही ते लगेच लागू पडले नाही. पहिल्या प्रयत्नांत तुटपुंजे डोस दिले गेले आणि रुग्ण दगावले. 1944 मध्ये ब्रुकलिनच्या लिओ लोव यांनी सात रुग्णांची हकीकत प्रसिद्ध केली. मोठे डोस, सलग, दिवसेंदिवस शिरेतून. जो आजार म्हणजे मरणाचा कागद समजला जायचा, त्यातून माणसे उठून घरी गेली. आपल्याकडे पुण्याजवळ पिंपरीला 1954 मध्ये हिंदुस्तान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना उभा राहिला आणि पुढच्याच वर्षी तिथे पेनिसिलिन तयार होऊ लागले. ज्या औषधावाचून माहलर गेला, ते मराठी मुलखातल्या कामगारांच्या हातांनी बाटल्यांत भरले जाऊ लागले.

आता जसोंडीसारख्या गावात या. पुढचे चित्र कोणा एका घरचे नाही. खानदेशात आणि निमाडात कुठेही दिसेल असे आहे.

केळी कटाईला जाणारी चोविसेक वर्षांची सून. संध्याकाळी कणकण येते, रात्री घामाने अंथरूण ओले होते, सकाळी बरे वाटते. आठ दिवस ताप अंगावर काढला. मग गावातल्या दवाखान्यात एक इंजेक्शन आणि तीन दिवसांच्या गोळ्या. ताप उतरला, पाच दिवसांनी पुन्हा आला. मग मोठ्या गावात रक्त तपासले. "ताई, टायफाइड निघाला." पाच दिवस सलाईन, रोज दोन वेळा इंजेक्शन. ताप उतरला, जेवण जाऊ लागले. पंधरा दिवसांनी पुन्हा कणकण. तोवर वजन सहा किलो उतरलेले, चेहरा फिका, जिना चढताना धाप. मेडिकलवरून आणखी एक कोर्स. लहानपणी हिचे सांधे सुजले होते हे माहेरच्यांना आठवते, पण विचारले कोणीच नाही.

प्रत्येक वेळी ताप का उतरला? ठिबकच्या नळीत क्लोरीन सोडून लगेच वाहून जाऊ दिल्यावर होते, तेच झाले. औषधांनी रक्तात फिरणारे आणि व्हेजिटेशनच्या पृष्ठभागावरचे जिवाणू मारले. आतले शाबूत राहिले. औषध थांबले, वस्ती पुन्हा वाढली. आणि अखेर कोणा जाणत्या डॉक्टराने रक्त कल्चरला, म्हणजे माहलरच्या वेळेसारखे जिवाणू वाढवून पाहायला पाठवले, तेव्हा रक्तात औषधाचा अंश शिल्लक होता. बाटलीत काहीच उगवले नाही. चंडीगढच्या त्या रिकाम्या बाटल्यांमागचे मोठे कारण हेच. आधी कुठेतरी दिलेले अँटिबायोटिक.

1911 मध्ये माहलरच्या डॉक्टरांकडे जिवाणूचे नाव होते, औषध नव्हते. आज तालुक्याच्या प्रत्येक मेडिकलवर औषध आहे, पण आपण जिवाणूचे नाव विचारायच्या आतच ते टोचून मोकळे होतो. शंभर वर्षांत झालेली ही उलटापालट मला फार बोचते.

कल्चरची तपासणी म्हणजे काही अवघड प्रकरण नाही. दंडाची त्वचा नीट निर्जंतुक करायची, एका टोचणीत साधारण 20 मिलिलिटर रक्त घेऊन दोन बाटल्यांत विभागायचे. अर्ध्या तासाने दुसऱ्या जागी टोचून पुन्हा. मग तिसऱ्यांदा. तीन वेळा, तीन जागांहून. एकाच बाटलीत काही उगवले तर ते त्वचेवरून आले असेल असा संशय राहतो. तिन्हींत तेच उगवले तर शंका उरत नाही. ताप चढण्याची वाट पाहावी लागते, हा एक जुना समज आहे. या आजारात झडपेवरून जिवाणू सतत रक्तात सुटत असतात, म्हणून ताप नसतानाही रक्त घेता येते. बाटल्या फ्रिजमध्ये ठेवायच्या नाहीत. रुग्ण अत्यवस्थ असेल, रक्तदाब पडत असेल, तर रक्त भराभर घेऊन औषध तत्काळ सुरू करायचे, अहवालासाठी थांबायचे नाही. रक्त आधी, औषध नंतर, हा क्रम मात्र तिथेही मोडू नये. त्याला काही मिनिटेच लागतात.

टायफॉइडसाठी केल्या जाणाऱ्या विडाल तपासणीबद्दलही बोलायला हवे, कारण आपल्याकडे निम्मी गल्लत तिथेच होते. विडालमध्ये टायफॉइडचे जिवाणू दिसत नाहीत. त्यांच्याविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रतिद्रव्ये मोजली जातात, आणि ती जुन्या संसर्गामुळे, लसीमुळे, कधी दुसऱ्याच तापामुळेही वाढलेली दिसतात. एका विडालवर टायफॉइडचे निदान पक्के होत नाही. हिवताप, क्षयरोग, डेंग्यू यांच्या रांगेत झडपेचा संसर्ग उभा असतो. त्याच्याकडे सर्वांत शेवटी पाहिले जाते, तेही धाप लागल्यावर किंवा लकवा मारल्यावर.

ओळखायचा कसा? घरच्या माणसाने लक्षात ठेवावे असे फार थोडे आहे. झडपेचा आजार किंवा हृदयाला छिद्र आहे, झडप बदललेली आहे, किंवा लहानपणी सांधे सुजून ताप आला होता, अशा माणसाला आठवडाभर ताप राहिला, किंवा उतरून पुन्हा आला, तर संशय घ्या. भूक मेलेली, वजन उतरलेले, रात्री घाम, पाठ आणि सांधे दुखणे ही जोडीला असतात. डॉक्टर मग हातपाय निरखून पाहतात, आणि ते पाहणे शिकण्यासारखे आहे. खालची पापणी ओढली तर आतल्या बाजूला लाल ठिपके. नखाखाली लाकडाची बारीक कुसळ रुतावी तशी उभी लाल-काळी रेघ. बोटांच्या पेरांवर दाबले की दुखणाऱ्या मटाराएवढ्या गाठी, ज्यांना विल्यम ऑस्लर यांचे नाव मिळाले आहे. तळहातावर न दुखणारे तांबडे डाग. शेतात राबणाऱ्याच्या नखाखाली मार लागूनही रेघ उमटते, म्हणून एकट्या रेघेवरून घाबरू नये. ताप, झडपेचा इतिहास आणि ही रेघ, तिन्ही एकत्र दिसली तर मात्र त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयाची वाट धरावी.

तिथे इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करतात. छातीवरून केलेल्या इकोत कधी व्हेजिटेशन निसटते, विशेषतः धातूची झडप असेल तर, कारण धातूची सावली पडते. तेव्हा बारीक नळी गिळायला लावून अन्ननलिकेतून इको करतात. अन्ननलिका हृदयाच्या थेट पाठीला लागून जाते, तिथून चित्र स्पष्ट दिसते. पहिला इको चांगला आला आणि संशय मिटला नाही, तर पाच-सात दिवसांनी पुन्हा करतात. कल्चर, इको आणि अंगावरच्या खुणा यांची सांगड घालण्यासाठी अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाच्या डॉक्टरांनी 1994 मध्ये निकष मांडले. 2023 मध्ये ते पुन्हा सुधारले गेले, आणि हृदयतज्ज्ञ तेच वापरतात. गुराढोरांत वावरणाऱ्या माणसाचे कल्चर रिकामे आले तर ब्रुसेला आणि क्यू ताप यांच्या वेगळ्या तपासण्या मागाव्या लागतात. हे जिवाणू जनावरांकडून माणसात येतात. आपल्या घरी गोठा आहे, वार पडताना हात लावला होता, हे डॉक्टरांना आपणहून सांगावे.

उपचार लांबलचक असतो. चार ते सहा आठवडे, शिरेतून. घरच्यांना हे पटत नाही, कारण ताप बहुधा आठवड्याच्या आत उतरतो. पण व्हेजिटेशनच्या आत रक्तवाहिनी नसते, पांढऱ्या पेशी तिथे शिरू शकत नाहीत, आणि खोलवरचे जिवाणू सुस्त पडून असतात. वाढत्या जिवाणूला पेनिसिलिन मारते. झोपलेल्याला मारायला ते दीर्घकाळ, भरपूर प्रमाणात भोवती असावे लागते. ठिबकच्या नळीत औषधाचे पाणी थांबवून ठेवण्यामागेही हेच आहे. तोंडातला स्ट्रेप्टोकॉकस सापडला तर पेनिसिलिन किंवा सेफ्ट्रायाक्झोन बहुधा चार आठवडे पुरते. त्वचेवरचा स्टॅफिलोकॉकस असेल तर आजार झपाट्याने वाढतो आणि क्लॉक्सासिलिन, सेफाझोलिन किंवा व्हँकोमायसिन अशी औषधे साधारण सहा आठवडे द्यावी लागतात. जेंटामायसिन दिले तर मूत्रपिंड आणि कान यांच्यावर लक्ष ठेवावे लागते. कोणते औषध, हे जिवाणूच्या नावावर ठरते. नाव नसेल तर डॉक्टरला अंधारात दोन-तीन औषधे एकदम चालवावी लागतात. त्यांचा त्रासही जास्त, खर्चही जास्त.

डेन्मार्कमध्ये 400 रुग्णांवर एक मोठी चाचणी झाली, ती 2019 मध्ये छापून आली. शिरेतून किमान दहा दिवस उपचार होऊन प्रकृती स्थिर झालेल्यांना उरलेला कोर्स गोळ्यांवर दिला, तरी निकाल वाईट आला नाही. आशेची गोष्ट आहे. पण त्या रुग्णांचे जिवाणू ओळखलेले होते, त्यांना वरचेवर तपासले जात होते. आपणहून सलाईन थांबवून गोळ्या घ्यायला हा आधार होत नाही.

काहींना शस्त्रक्रिया लागते. झडप फाटून हृदय थकू लागले, झडपेच्या बुडाशी पू झाला, बुरशीचा संसर्ग असला, किंवा मोठ्या व्हेजिटेशनचे तुकडे सुटू लागले, तर कोर्स पुरा होण्याची वाट पाहत नाहीत. इथेही आपल्याकडे उशीर होतो तो पैशाच्या आणि अंतराच्या हिशेबाने. बुऱ्हाणपूरहून इंदूर सुमारे 180 किलोमीटर. भुसावळ-जळगाव रेल्वेने त्याहून जवळ. आयुष्मान कार्डावर कुटुंबाला वर्षाला 5 लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळतात आणि हे कार्ड राज्याबाहेरच्या, योजनेत असलेल्या रुग्णालयातही चालते. मध्य प्रदेशचे कार्ड जळगावात दाखवायला संकोच करू नये. सगळे उपचार मिळूनही रुग्णालयात दाखल झालेल्या शंभरातले पंधरा ते तीस जण जगभर आजही या आजाराने दगावतात. म्हणून तो होऊ न देणे हाच खरा व्यवहार आहे.

प्रतिबंधाबद्दल वैद्यकाचे मत पन्नास वर्षांत बदलले. अमेरिकन हार्ट असोसिएशनने 1955 पासून दात काढण्यापूर्वी अँटिबायोटिक द्यायला सांगितले, आणि झडपेत थोडासा दोष असणाऱ्यालाही ते दिले जाऊ लागले. पुढे लक्षात आले, की वर्षातून एकदा दात काढताना रक्तात जेवढे जिवाणू शिरतात, त्याहून कितीतरी जास्त सुजलेल्या हिरड्यांनी रोज चावताना आणि घासताना शिरतात. 2007 मध्ये यादी आखडली. आता हे औषध मुख्यतः तिघांना देतात. कृत्रिम झडप असलेल्याला, हा संसर्ग एकदा होऊन गेलेल्याला आणि काही ठराविक जन्मजात दोष असलेल्याला. अमोक्सिसिलिन 2 ग्रॅम, दाताच्या कामाआधी अर्धा ते एक तास, एकदाच. लहानांना वजनानुसार. संधिवाताच्या तापाने झडप बिघडलेल्यांबाबत देशोदेशी मत वेगळे आहे. आपल्या हृदयतज्ज्ञाला विचारून ठेवावे.

इथे एक गोंधळ नेहमी होतो. संधिवाताच्या तापाच्या रुग्णाला दर तीन आठवड्यांनी पेनिड्यूरचे, म्हणजे बेंझाथिन पेनिसिलिनचे, इंजेक्शन घ्यायला सांगतात. मोठ्यांना 12 लाख युनिट. ते दुखते, लोक कंटाळून सोडतात. त्याचे काम घसा पुन्हा धरू न देण्याचे आणि झडप आणखी बिघडू न देण्याचे आहे. दाताच्या वेळी झडपेला होणाऱ्या संसर्गाला त्याने आळा बसत नाही. उलट अशा माणसाच्या तोंडातले जिवाणू पेनिसिलिनला सरावलेले असू शकतात, म्हणून दाताच्या डॉक्टरांना हे इंजेक्शन चालू असल्याचे सांगायलाच हवे. दोन्ही गोष्टी वेगळ्या आहेत आणि एकीमुळे दुसरी टळत नाही.

राहता राहिले रोजचे काम. दिवसातून दोनदा मऊ ब्रशने दात घासणे. मशेरी सोडणे, तंबाखू भाजून हिरड्यांना चोळण्याची ही सवय आपल्या बायकांत फार आहे आणि हिरड्यांचे वाटोळे करते. गुटखा तर सोडायलाच हवा. वर्षातून एकदा तरी दात दाखवणे, दुखत नसले तरी. झडपेच्या शस्त्रक्रियेआधी किडलेले दात काढून घेणे. गळू झाले तर स्वतः न फोडणे. झडपेचा आजार असणाऱ्याने जत्रेत गोंदवून घेऊ नये. आणि एक गोष्ट कळकळीने सांगतो, अशक्तपणा आला म्हणून सलाईन लावून घेऊ नका. शिरेत खुपसलेली प्रत्येक सुई त्वचेवरच्या स्टॅफिलोकॉकसला आत जायचे दार आहे. निरोगी माणसाला ते बहुधा खपते. खराब झडपेच्या माणसाला खपेलच असे नाही.

मुलांचा घसा धरून गिळताना दुखते, ताप असतो, गळ्याला गाठी येतात, तेव्हा डॉक्टरांना दाखवा आणि त्यांनी दिलेला पेनिसिलिनचा कोर्स पुरा करा. झडप वाचवायची खरी वेळ तीच. 2013 मध्ये पालघरहून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत आणि अंगणवाडीत येते, त्यांच्या यादीत जन्मजात हृदयदोष आणि संधिवाताच्या तापाचा हृदयविकार दोन्ही आहेत. त्या दिवशी मुलाला शेतात नेऊ नका, शाळेत पाठवा.

आता एक काम करा. तुमच्या घरात कोणाला झडपेचा आजार असेल, तर एक चिठ्ठी लिहा, प्लास्टिकच्या पिशवीत घाला आणि त्या माणसाच्या खिशात किंवा बटव्यात कायमची ठेवा. त्यावर एवढेच असू द्या: 'माझ्या हृदयाच्या झडपेला आजार आहे. तापासाठी अँटिबायोटिक देण्याआधी माझे रक्त तीन वेळा कल्चरला घ्या.' खाली आपल्या हृदयतज्ज्ञाचे नाव आणि फोन. मागच्या बाजूला हेच हिंदीत लिहा. जळगावला मराठी चालेल, इंदूरला हिंदी लागेल.